आकसण्याची सूट

इमारतीचं नाव कलाभवन
आणि आत लेथ, भट्टी, वाळू.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी याची गंमत वाटते,
दुसऱ्या दिवसापासून नाव कुणी वाचत नाही.
मी तरी कुठे वाचत होतो?
सव्वीस वर्षं कमानीखालून
आधी सायकल, मग स्कूटर, मग नुसते गुडघे
ढकलत ओतशाळेत शिरलो, मान खाली.

शर्मिष्ठा शिर्के आली ती सप्टेंबरात.
फाइन आर्ट्सची, दुसरं वर्ष,
बोटांना प्लॅस्टर, पिशवीत सीताफळ.
सर, हे ओतायचंय.
मी म्हटलं, खायचं असतं.

पोरं हसली. ती नाही.
टेबलावर ठेवलं तिनं ते, शेकडो डोळ्यांचं,
भेगांत जरासं पिवळं,
आणि मी बघितलं माझ्या सवयीनं:
वाळूतून हे निघणार नाही.
प्रत्येक डोळ्याखाली वाळू अडेल, साचा फाटेल.
देवानं हे सुटायच्या बेतानं केलेलं नाही, म्हटलं.

रमणीकभाई सुथार, आमचे पॅटर्नवाले,
शाळा चौथीपर्यंत, कानावर पेन्सिल अडतीस वर्षं,
माझ्या हातातलं व्हर्नियर हळूच बाजूला ठेवून म्हणाले,
"पहेलां जो, पछी माप."

तर तीन आठवडे बघितलं.
माझ्या मेकॅनिकलच्या दोन पोरांनीही, अमीन आणि बोडस,
ज्यांना सरळ रेघसुद्धा संगणकाशिवाय येत नाही,
त्यांनी सीताफळ काढलं. चुकत, खोडत,
कागदाला भोक पडेपर्यंत.
बोडस म्हणाला, सर, हे डोळे फिरत फिरत चढतात,
आट्यांसारखे.
स्क्रूच्या आट्यांचं सूत्र त्याला तोंडपाठ होतं.
आटे तो आत्ता बघत होता.

आणि शर्मिष्ठा भट्टीपाशी वही उघडून:
किती अंश? वाफ जाते कुठून?
नमुना किती मोठा करू?
शंभराला दीड, मी म्हटलं.
धातू थंड होताना आकसतो.
हवं तेवढंच केलंस, तर कमी पडेल.
तिनं लिहून घेतलं, खाली रेघ मारली.
दर वर्षी मी हे वाक्य बोलतो,
फळ्याकडे तोंड करून.

साचा झाला अकरा तुकड्यांचा.
स्कूटरचे मोडके पिस्टन वितळवून ओतलं.
एका बाजूला चार डोळे आलेच नाहीत, हवा अडकली.
मी पुन्हा ओतू म्हणालो.
ती म्हणाली, राहू दे, पाखरानं खाल्लंय.

ऑक्टोबरात अभ्यासक्रमाची बैठक.
मुक्तहस्त रेखांकन, आठवड्याला दोन तास:
ठेवावं का?
त्या जागी कोडिंग. शिवाय प्लेसमेंट. शिवाय वरून आलेलं पत्र.
वाईट माणूस एकही नव्हता खोलीत.
चहा होता, लीलो चेवडो होता,
मुद्दे बरोबर होते, सुटे सुटे, प्रत्येक.
मी बोलणार होतो.
सीताफळ, आटे, कागदाला पडलेलं भोक,
सगळं जिभेपर्यंत आलं
आणि तिथंच गार झालं.
आकडा नव्हता माझ्याकडे.
हात वर झाले.
माझाही.

रमणीकभाईंना मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही; रंधा मारत राहिले,
पण त्या दिवशी भुसा फार उडाला.

सीताफळ आता माझ्या टेबलावर असतं,
त्याच बैठकीच्या कागदांवर, पंख्यानं उडू नयेत म्हणून.
उपयोग काय याचा, लोक विचारतात.
हा एक.
खाली नवं वेळापत्रक दिसतं,
तासाला तास चिकटलेला,
मध्ये नखाएवढी फट नाही.
हवं तेवढंच. अगदी मापात.

काल बोडस दारात उभा.
सर, गुरुवारी चारनंतर ओतशाळा रिकामी असते ना?
मार्क नाहीत हं याला, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला,
आणि खिशातून कारलं काढलं.

हातात घेऊन फिरवलं मी.
उतार कुठेच नाही.
व्हर्नियर खणात होतं, तिथंच राहू दिलं.